सुरुंग

निपाणीकडील एका खेड्यातील दोन भावांचा तंटा काही वर्षांमागे आमच्याकडे आला. धाकट्याने आपल्या वाट्याच्या खडकात सुरुंग लावला आणि थोरल्याच्या विहिरीचे बांधकाम तडकले, अशी तक्रार. थोरल्याचे टाचण मराठीत, धाकट्याच्या वकिलाचे उत्तर कानडीत. वादाचा शब्द मात्र दोहोंत जवळजवळ एकच : मराठीत सुरुंग, कानडीत सुरंग.

हा शब्द अस्सल संस्कृत, अशी आमची पक्की समजूत होती. लाक्षागृहातून पांडव निसटले ते सुरुंगेतूनच. कौटिलीय अर्थशास्त्रातही सुरुंगा आहे. परंतु भाषापंडित तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे मानतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, पावा, तसेच भुयारही. डॉक्टरांची सिरिंज याच कुळातली.

ग्रीक पुराणात सिरिंक्स ही वनदेवता. बोकडाच्या पायांचा पॅन देव तिच्या पाठीस लागला. पळता पळता लादोन नदीकाठी तिने बोरूंचे रूप घेतले. पॅनने तेच बोरू कापून पावा केला. मुरलीधरापुढे नित्य हात जोडणाऱ्या आम्हांस ही कथा वाचून क्षणभर चुकल्यासारखे झाले. आमच्या मुरलीच्या ओढीने गोपी धावत येतात. त्या पाव्यात पळून गेलेलीचा उसासा आहे.

आमच्या मराठीत भुयाराचा हा शब्द खडक फोडण्याच्या दारूसही लागला. कासरगोडकडे मात्र सुरंग म्हणजे जांभ्याच्या डोंगरात आडवी खणलेली, पाणी आणणारी वाट. विजापुरासही आदिलशाहीत तोरवीच्या सुरंग बावडीतून पाणी येई. एकच शब्द; कोठे फोडतो, कोठे तहान भागवतो.

१९५६ साली आमच्या मुलुखावरून राज्याची रेषा गेली. तिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हा शब्द मात्र त्या रेषेखालून केव्हाच पार झालेला.

असो. दावा आम्ही जिंकला. भरपाई मिळाली, विहीर बांधून झाली. पण भावाभावांचे बोलणे तुटले ते तुटलेच. सुरुंगाचा दुसरा अर्थ पहिल्याच दिवशी आमच्या पक्षकारास सांगून तडजोडीचा शब्द टाकावयास हवा होता. आम्ही फक्त पुरावा मागितला. ती रुखरुख आजही जात नाही.