अम्मीचा ‘थोर का बच्चा’

येडशीत काटेरी दिसेल ते सगळं निवडुंग. बांधावरचा थोरही निवडुंग आणि कुंडीतला कॅक्टसही. अम्मी तर डालडाच्या डब्यातल्या तिच्या झाडाला ‘थोर का बच्चा’ म्हणायची. खरं तर दोघांचं नातं नाही. थोर मोडला की दूध गळतं, काटे जोडीनं असतात. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक ठिपक्यातून झुपक्यानं निघतात.

अम्मी गेल्यावर तो डबा मी पुण्याला नेला आणि पहिल्याच पावसाळ्यात झाड कुजवलं. “जादा पानी नक्को डाल रे,” हे तिनं दहादा सांगितलं होतं.

आपानं त्याचा एक तुकडा पूर्वीच लातूरला नेलेला. बकरी ईदला गेलो तेव्हा तुकडा मागायचा म्हणून गच्चीवरची कुंडी पाहिली. तशीच बोटांएवढ्या फांद्यांची गर्दी. पण फांदीवर दोडक्याला असतात तशा उभ्या शिरा, काटे पांढरे, आखूड, मऊ. “लाल फुलं येतात,” आपा म्हणाली. मग शंकाच उरली नाही. हा अर्जेंटिनाकडचा शेंगदाणा कॅक्टस. अम्मीचा मेक्सिकोतला मॅमिलेरिया इलाँगाटा होता. त्याला शिरा नसतात. सीताफळासारखे उंचवटे फांदीभोवती फिरत वर चढतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पंधरा-वीस पिवळ्या काट्यांची चांदणी. काटे मागं वळलेले, म्हणून अम्मी त्यावरून बिनधास्त हात फिरवायची. फुलं फिकट पिवळी, इवलीशी, शेंड्याजवळ कडं करून येणारी.

सांगावं की नाही, कळेना. आपा सहा वर्षं ती कुंडी जपत होती. शेवटी आधी माझं झाड कुजल्याचं कबूल केलं, मग हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली.

“मला माहितीये. अम्मीचा तुकडा वर्षभरातच गेला. नर्सरीतून तसाच दिसणारा आणला. तुला काय सांगणार होते?”

मग तिलाच आठवलं, अम्मीनं शेजारच्या मावशींनाही एक तुकडा दिला होता.

परतताना येडशीला उतरलो. मावशींच्या परसात, फुटक्या घागरीत, भिंतीच्या आडोशाला पिवळ्या चांदण्यांचा मोठा झुबका.

“तुझ्या आईनं दिलेलं. पाणी घालू नका म्हणाली होती, म्हणून मी विसरूनच गेले बघ.”

दोन बोटं मोडून घेतली, एक आपासाठी. जखम वाळेपर्यंत आठवडाभर कागदावर ठेवायची, मग वाळू मिसळलेल्या मातीत कोरडीच लावायची.