राळेच्या तीन आगी

१.
निवडणुकांचा हंगाम आला की मराठी वर्तमानपत्रांत ‘आरोपांची राळ’ उडू लागते. हा शब्दप्रयोग वाचताना अनेकांच्या डोळ्यांसमोर धुळीचा लोट उभा राहतो. चिखलफेक, धुरळा आणि राळ ही एकाच कुळातली भावंडे वाटावीत, इतके या शब्दाचे मूळ पुसट झाले आहे. वस्तुतः राळ हा झाडाच्या जखमेतून पाझरून घट्ट झालेला, ज्योतीचा स्पर्श होताच भडकणारा पदार्थ आहे. आणि ‘राळ उडवणे’ ही मुळात ज्वाळा उठवण्याची कृती आहे. या पदार्थाशी इतिहासातल्या ज्या आगी जोडल्या गेल्या, त्यांपैकी तीन आगींची ही हकीकत.

२.
प्रथम पदार्थाची ओळख. चीड-देवदारांच्या कुळातील झाडांच्या सालीला इजा झाली की तेथून चिकट, सुगंधी द्रव पाझरू लागतो. हवेत तो घट्ट होतो, जखम बुजवतो आणि कीड व बुरशी यांना आत शिरू देत नाही. हा द्रव गोळा करून तापवला म्हणजे त्यातले उडनशील तेल वाफ होऊन वेगळे निघते, ते टर्पेंटाइन. भांड्याच्या तळाशी जे उरते ते थंड झाल्यावर काचेसारखे ठिसूळ होते. त्याचा रंग फिकट पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणताही असू शकतो. हेच रोझिन. ‘रेझिन’ हा मूळ स्राव आणि ‘रोझिन’ हा त्याचा भट्टीतून उरलेला घन अंश, असा भेद इंग्रजीत रूढ झाला असला तरी दोन्ही शब्द ‘रेझिना’ या एकाच लॅटिन शब्दातून आले आहेत. मराठीने मात्र दोहोंसाठी ‘राळ’ हा एकच शब्द पुरेसा मानला.

३.
युरोपात रोझिनचे आणखी एक नाव आहे: ‘कोलोफोनी’. हे नाव कोलोफोन या प्राचीन ग्रीक नगरावरून पडले. आजच्या तुर्कस्तानात, इझमीरच्या दक्षिणेस हे नगर होते. तत्त्वज्ञ झेनोफनीस येथलाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात औषधींवर ग्रंथ लिहिणाऱ्या डायोस्कोरिडीसने हे नाव राळेच्या मूळ स्थानावरून पडल्याचे नमूद केले आहे. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी, लायसिमॅकस या राजाने कोलोफोनचे रहिवासी उठवून एफेससला नेऊन वसवले होते. नगर निस्तेज झाले, पण राळेच्या नावात ते टिकून राहिले.

४.
याच नावाचा एक जुळा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, स्थळ आणि तिथी नोंदवतो, त्या मजकुराला मराठीत ‘पुष्पिका’ आणि इंग्रजीत ‘कोलोफोन’ म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ शिखर किंवा शेवटचा हात असा होतो. कोलोफोनचे घोडदळ लढाईत उतरले की लढाईचा शेवट ठरलेलाच, म्हणून हा अर्थ आला, असे भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. ते खरे असो वा नसो, पोथीचा शेवट आणि झाडाची राळ यांना एकच नाव मिळाले. या योगायोगाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

५.
भारतात राळेची परंपरा दोन झाडांची आहे. शाल वृक्षाचा स्राव संस्कृतात ‘सर्जरस’ किंवा ‘राल’. मराठी ‘राळ’ तिथलीच. हिमालयातल्या चीड वृक्षाला संस्कृतात ‘सरल’ म्हणतात आणि त्याच्या स्रावाला ‘श्रीवास’. हत्ती गाल खाजवण्यासाठी सरल वृक्षांवर अंग घासतात, त्यामुळे पाझरलेल्या चिकाने डोंगरमाथे सुगंधित होतात, असे वर्णन कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देवालये व मूर्ती यांसाठी ‘वज्रलेप’ करण्याची कृती दिली आहे; तिच्यात सर्जरस आणि श्रीवास हे दोन्ही घटक आहेत. काष्ठौषधींच्या दुकानांत ‘गंधाबिरोजा’ नावाने मिळतो तो चिडाचाच चीक.

६.
राळेचा मुख्य गुण म्हणजे ती धरून ठेवते. लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या सांधी बुजवण्यासाठी ती तेलात मिसळून वापरली जाई. धातूला डाख देताना ती पृष्ठभाग स्वच्छ ठेवते, त्यामुळे कथील नीट पसरते. सारंगीच्या किंवा व्हायोलिनच्या गजावर रोझिन घासले नाही तर गजाचे केस तारेवरून नुसते घसरतात. रोझिनमुळे ते तारेला क्षणभर पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. या अतिशीघ्र धरसोडीतूनच सूर उमटतो. परंतु धरून ठेवणारा हा पदार्थ तितकाच ज्वलनशील आहे, आणि त्याचा हा दुसरा गुण मराठी भाषेच्या लक्षात अधिक राहिला.

७.
पहिली आग रंगमंचावरची. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. भाव्यांच्या आणि त्यांच्यामागून निघालेल्या नाटकमंडळ्यांच्या पौराणिक खेळांत राक्षसाचा प्रवेश हा प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा भाग असे. आरोळ्या, उड्या, तलवारींचा खणखणाट; आणि त्याच वेळी मशालीवर राळेची पूड फेकली जाई. भपकन ज्वाळा उठे, रंगवलेला चेहरा क्षणभर लखलखे आणि पुन्हा अंधार होई. कोकणातल्या दशावतारी खेळांतही हीच युक्ती होती.

८.
या भपक्यामागचे कारण साधे आहे. राळेचा खडा सावकाश, धूर ओकत जळतो. तीच राळ बारीक कुटून हवेत उधळली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सारे कण जणू एकदमच पेटतात. ज्वाळा मोठी दिसते, पण जळणारा पदार्थ चिमूटभर असल्याने ती लगेच विझते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इटालियन रंगभूमीनेही वीज आणि नरकाग्नी दाखवण्यासाठी अशाच राळयुक्त भुकटीचा आश्रय घेतला होता. सांगलीच्या मंडळींना इटलीची वार्ता असण्याचे कारण नव्हते. मशाल आणि राळ जवळ असली की ही युक्ती कोणालाही सुचण्यासारखी होती.

९.
पुढे संगीत नाटक आले, मशाली गेल्या, दिव्यांची सोय झाली आणि राक्षसही मागे पडले. ज्वाळा गेली, पण शब्दप्रयोग उरला. ‘टीकेची राळ’ म्हणणाऱ्या पहिल्या लेखणीसमोर तो भपका असला पाहिजे: क्षणभर डोळे दिपवणारा, थोड्याशा भुकटीवर उभा राहणारा आणि विझल्यावर केवळ धूर मागे ठेवणारा. धुळीची प्रतिमा डोळ्यांसमोर आणली की या उपमेतला उपहासच हरवतो.

१०.
दुसरी आग जंगलातली. राळ बाजारात येते, त्याआधी कोणीतरी डोंगर चढून झाडाला जखम केलेली असते. चिडाच्या खोडावरची साल तासायची, खाच पाडायची, खाली पन्हळ ठोकून भांडे लावायचे, काही दिवसांनी जखम भरू लागली की ती पुन्हा ताजी करायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुमाऊंच्या डोंगरांत वनखात्याने हे काम वाढवत नेले. पेंट, साबण, कागद अशा अनेक उद्योगांना टर्पेंटाइन आणि रोझिन हवे होते. चीड हे त्यामुळे उत्पन्नाचे झाड बनले.

११.
ज्यांच्या अंगणाशी ही जंगले होती, त्यांचा हिशेब वेगळा होता. गुरांना चारा, शेताला पाल्याचे खत आणि झऱ्यांना पाणी देणारा बांज त्यांना प्रिय होता. चिडाच्या सुया जमिनीवर साचल्या की खालचे गवत गुदमरते. म्हणून त्या जाळून नवे गवत आणण्याची गावांची जुनी रीत होती. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची विस्तीर्ण जंगले राखीव झाली आणि ही रीत गुन्हा ठरली. भरीला ‘कुली बेगार’ होतीच: सरकारी अधिकाऱ्यांचे सामान सक्तीने वाहायचे. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे आदी नेत्यांच्या उपस्थितीत लोकांनी बेगारीची नोंदबुके शरयूच्या पात्रात फेकून दिली.

१२.
त्याच उन्हाळ्यात चिडाची जंगले पेटली. खाचा पाडलेल्या खोडांवर ओघळलेली राळ होतीच. वणवा तिच्या आधाराने झाडावर चढला. गोळा केलेली राळ मोठ्या प्रमाणावर भस्मसात झाली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या घटनांचा अभ्यास करताना एका बाबीकडे लक्ष वेधले आहे: आगी प्रामुख्याने चिडाच्या जंगलांत लागल्या आणि रुंद पानांची, बांजाची जंगले जवळपास अस्पर्श राहिली. सरकारदरबारी ज्याला अविचारी जाळपोळ म्हटले गेले, तिच्यात अशी निवड होती. सरकारला कुमाऊंच्या वनविषयक तक्रारींसाठी समिती नेमावी लागली, आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. पुढे चिपको आंदोलनाच्या काळात चिडाच्या खोडांत ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या उपसून कार्यकर्त्यांनी झाडांच्या जखमांवर माती आणि गोणपाट बांधले. पन्नासेक वर्षांपूर्वी ज्या झाडाचा संताप आला होता, त्याच झाडाला मलमपट्टी झाली. रोष झाडावर कधीच नव्हता, हे यातून उमगते.

१३.
तिसरी आग ज्वाळेविना जळते आणि इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळून चटका देते. कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते. जुन्नर किंवा दौलताबादच्या हातकागदाला पिष्टमय खळ देऊन तो घोटत असत. युरोपात तयार कागद सरसात बुडवीत. जर्मनीतील मोरिट्झ फ्रीड्रिश इलिग याने १८०७ मध्ये दुसरा मार्ग प्रसिद्ध केला: लगद्यातच राळेचा साबण आणि तुरटी मिसळावी. तुरटीमुळे राळ धाग्यांना घट्ट बिलगते आणि कागद तयार होतानाच शाई झेलण्याजोगा होतो. कागदाची यंत्रे नुकतीच अवतरली होती. त्यांच्या वेगाला हीच रीत मानवली. पुढे शतकाहून अधिक काळ जगातील वर्तमानपत्रेतर छपाईचा मोठा भाग राळ-तुरटीच्या कागदावर झाला.

१४.
या कागदात तुरटीमुळे आम्ल राहते. हवेतला ओलावा शोषून ते आम्ल धाग्यांतील सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जाते. कडा तपकिरी होतात, पान दुमडले की तुटते, अखेरीस बोटाखाली भुगा होतो. लाकडाच्या स्वस्त लगद्याने आणि आपल्याकडच्या दमट हवेने या ऱ्हासात भर घातली. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात राळ-तुरटीच्या या खळीला ग्रंथक्षयाचे प्रमुख कारण ठरवले. त्यानंतर आम्लविरहित कागदाकडे उद्योग वळला, तोही सावकाश. राळ एकटी येथे निर्दोष आहे. तिला धाग्याशी बांधणाऱ्या तुरटीने घात केला. पण ही तुरटी कागदात आली ती राळेसाठीच.

१५.
परिणाम मात्र विलक्षण आहे. पेशवाईतला मोडी कागद अडीचशे वर्षांनंतरही हाताळता येतो, आणि शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक पान उलटताना मोडते. जुने अधिक टिकाऊ आणि नवे अधिक नाजूक, असा हा उलटा क्रम आहे. दुर्मीळ हस्तलिखितांना निदान कपाट आणि कापडी बस्ता मिळतो. ज्या मासिकांत, पत्रकांत, क्रमिक पुस्तकांत, जत्रेतल्या चोपड्यांत विसाव्या शतकातील सामान्य माणसाचा आवाज आहे, ती ‘अलीकडची’ म्हणून रद्दीत निघतात किंवा माळ्यावर विरून जातात.

१६.
जुन्या पोथ्यांच्या पुष्पिकेनंतर पुष्कळदा पोथीच बोलू लागते. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी ती विनवणी करते. लेखनिकाला ठाऊक असलेले सारे शत्रू बाहेरचे होते. यंत्रयुगातल्या पुस्तकाचा शत्रू त्याच्या पानातच मुरलेला आहे, आणि त्याला तशी विनवणी करायला पुष्पिकाही नाही. तेव्हा घरातल्या माळ्यावर १९३० किंवा १९५० सालचे एखादे मासिक, जमाखर्चाची छापील वही, गावच्या उत्सवाची पत्रिका आढळली, तर ती उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावी, चिकटपट्टी लावू नये, आणि पान मोडण्यापूर्वी तिची स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवावीत. एखाद्या जुन्या ग्रंथालयाला किंवा संशोधन संस्थेला विचारून पाहावे. कदाचित त्या अंकाची दुसरी प्रत त्यांच्याकडेही नसेल.