भोपाळमधला ळ

मराठीत आपण 'भोपाळ' लिहितो. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर मात्र 'भोपाल' असते, आणि शहरातील कोणाही माणसाच्या तोंडी तेच. मराठीने नेपाळला, माळव्याला जसा आपला ळ दिला, तसा या शहरालाही दिला. विचारले कोणालाच नाही. माझ्या सासरच्या घराण्याच्या बाबतीत व्यवहार नेमका उलटा झाला. आजेसासऱ्यांचे नागपूरच्या सचिवालयातील सेवापुस्तक घरात अजून आहे. त्यावर 'काळे' असे स्वच्छ लिहिलेले आहे. सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर 'काले' आहे. त्या दोन कागदांच्या मध्ये नागपूर-इटारसी-भोपाळ हा लोहमार्ग आहे आणि १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आहे.

मी या शहरात २००८ साली आले. नागपूरला मराठी घेऊन एम.ए. केलेले, आणि इथे मराठी शिकवण्याची सोय माझ्यापुरती तरी कुठे दिसेना. मग हिंदीतही एम.ए. केले आणि एका खासगी महाविद्यालयात हिंदी शिकवू लागले. तेव्हापासून पोट हिंदीवर आणि घर मराठीवर अशी वाटणी आहे. यात करुण असे काही नाही. राजधानीच्या शहरात बहुतेकांची अशी काही ना काही वाटणी असतेच. कोणाचे घर बुंदेलखंडात, कोणाचे रीव्याकडे, कोणाची शेती निमाडात आणि नोकरी इथल्या एखाद्या संचालनालयात.

मध्यम आकाराच्या राजधानीची एक गंमत असते. २०११ च्या जनगणनेत भोपाळची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास होती. राज्यातले सर्वांत मोठे शहर मात्र इंदूर. पैसा तिकडे, उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग पुन्हा इंदूरला. नवे राज्य करताना रुसलेल्या शहरांची अशी समजूत काढण्यात आली. भोपाळच्या वाट्याला उरल्या त्या फायली आणि तळे. दोन्ही गोष्टी माणसाला संथ करतात असे माझे निरीक्षण आहे, पण ते जाऊ द्या.

या शहराचा पत्ता सांगायला शिकणे हे इथे राहू लागल्याचे पहिले लक्षण. मला ते जमायला वर्ष लागले. नव्या भोपाळात जागांना नावे नाहीत, आकडे आहेत. पाच नंबर, सात नंबर, दहा नंबर, बारा नंबर. बसथांब्यांचे क्रमांकच ठिकाणांची नावे होऊन बसले. सहा आणि सातच्या मध्ये एक जागा निघाली तर तिला लोक 'साढ़े छह नंबर' म्हणू लागले, आणि आजही म्हणतात. सरकारी घरे जितकी बांधली तितकेच वस्तीचे नाव: बाराशे पन्नास, अकराशे क्वार्टर्स, चौऱ्याहत्तर बंगले, पंचेचाळीस बंगले. रस्तेसुद्धा लिंक रोड नंबर एक, दोन आणि तीन. नवी राजधानी कागदावर आखली गेली आणि कागदावरचे तात्पुरते अंक तसेच जमिनीवर उतरले. नाव ठेवायला एखादी गोष्ट आपली वाटावी लागते, आणि बदलीची वाट पाहणारा माणूस अंकावर भागवून नेतो.

तळ्यापलीकडचे जुने शहर वेगळे. तिथे सोमवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती, इतवारा असे सगळे वार बाजारांच्या रूपाने वसलेले आहेत. नागपूरच्या माणसाला हे ऐकताच घरी आल्यासारखे वाटते, कारण आमच्याकडे इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी आहेतच. फक्त मंगळवारीतला ळ तेवढा मंगलवाऱ्यात नाही. या दोन शहरांचे नाते तसे जुने आणि फारसे प्रेमाचे नव्हे. १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला अनेक महिने वेढा घातला होता. शहर पडले नाही, वेढा उठला. पुढे दीडशे वर्षांच्या आतच नागपूरकर पुन्हा भोपाळात शिरले. यावेळी हातात फायली होत्या आणि पाठीमागे बायकामुले.

राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून उठली. कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. माझे आजेसासरे, म्हणजे सिव्हिल लाईन्समधल्या सचिवालयातील एक कनिष्ठ कारकून, मध्य प्रदेशच्या यादीत आले. सासरे तेव्हा आठ वर्षांचे होते. त्या प्रवासातले त्यांना एवढेच आठवते की डब्यात सगळे ओळखीचे होते, अख्खी आळी गाडीत बसल्यासारखी, आणि इटारसीला उतरून मोठ्या माणसांनी चहा घेतला तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हते. "आम्ही आलो नाही, आम्हाला हलवलं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत. टेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवावे तसे म्हणतात.

राहायला मिळाले ते तात्या टोपे नगरातील क्वार्टर. अठराशे सत्तावन्नच्या एका मराठी सेनानीचे नाव नव्या राजधानीच्या मुख्य वस्तीला द्यावे, हे त्या काळाला शोभण्यासारखेच होते. पण तात्या टोपे या नावाचे लवकरच 'टी. टी. नगर' झाले. आज पत्ता सांगणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारात घेत नाहीत. माझ्या वर्गात मी एकदा विचारले तेव्हा एका मुलाने गंभीरपणे 'टेबल टेनिस' असे उत्तर दिले. तिथे मैदानही आहे, त्यामुळे त्याला फार दोष देता येत नाही.

या हलवलेल्या माणसांनी भोपाळला काय दिले, असा प्रश्न मराठी मंडळांच्या स्मरणिकांत नेहमी येतो आणि उत्तरादाखल नाट्यसंगीत, गणेशोत्सव आणि पोहे येतात. (पोह्यांवर माळव्याचाही दावा आहे, आणि जिलेबीबरोबर खाण्याची त्यांची रीत पाहता तो मान्य करावा.) माझ्या मते खरी खूण कार्यालयात आहे. इथला बाबू फाईलला 'नस्ती' म्हणतो. पोच मागायची तर 'पावती' म्हणतो. टपाल जिथे नोंदवले जाते ती जागा 'आवक-जावक'. उत्तर प्रदेशातला कारकून नस्तीला 'पत्रावली' म्हणेल. आपल्या मंत्रालयातल्या कारकुनाला मात्र 'नस्ती' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. रविशंकर शुक्लांच्या काळात डॉ. रघुवीर नागपुरात बसून प्रशासनाचे संस्कृतनिष्ठ शब्द घडवत होते, ते दोन्ही भाषांना चालावेत म्हणून. त्या शब्दांची भरपूर टिंगल झाली आहे आणि त्यातले पुष्कळसे टिंगलीलायक होतेही. तरीही, दोन भाषांना एका टेबलावर बसवण्याचा तो प्रयत्न शब्दकोशापेक्षा कारकुनांच्या बोलण्यात अधिक टिकला असे मला वाटते.

वर्गात मुक्तिबोध शिकवताना मला ही गोष्ट वेगळ्या अंगाने भेटते. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे केवढे कवी; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातील दोघे, एकाच मातृभाषेचे, आणि लिहिण्याच्या भाषा दोन. थोरल्या मुक्तिबोधांनी नागपुरात काही वर्षे काढली, मग ते राजनांदगावला प्राध्यापक झाले, आणि १९६४ साली आजारपणात दिल्लीला हलवण्यापूर्वी ते इथल्या हमीदिया रुग्णालयात होते. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते घरी मराठी बोलत हे ठाऊक नसते. ऐकल्यावर ते चकित होतात आणि लगेच विसरतात. मराठीच्या विद्यार्थ्यांची अवस्था उलट. तिकडे शरच्चंद्र अभ्यासक्रमात असतात आणि थोरले बंधू तळटिपेत. दोन्ही वर्गांत बसून आल्यामुळे मला कधी कधी वाटते की या घराविषयी एकच तास घ्यायचा झाला तर तो कोणत्या विषयाच्या वेळापत्रकात बसवायचा?

त्याच वर्गात ळ मला अनपेक्षितपणे परत मिळाला. उच्चारांविषयी बोलताना मी फळ्यावर ते अक्षर काढले आणि म्हटले की प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत हे नाही. खरगोनकडची एक मुलगी मागून म्हणाली, "मैम, हमारे घर में तो है।" आणि तिने निमाडीतील चार-पाच शब्द भराभर म्हणून दाखवले. ळ अगदी आमच्यासारखा, जाड आणि ठसठशीत. शेजारच्या मुली हसल्या तशी ती गप्प झाली. तिच्याही बोलीतला ळ भोपाळला येईपर्यंत ल झालेला होता; फरक इतकाच की तिच्या बाजूने उभे राहायला छापील पुस्तके, साहित्य संमेलने, विद्यापीठे असा लवाजमा नव्हता. मराठीच्या विस्थापनाविषयी मी मनात जी काही व्यथा सांभाळून होते, ती त्या दिवशी थोडी लहान झाली.

आणि आणखी एक तास. ३ डिसेंबरला इथे स्थानिक सुट्टी असते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, त्या दिवसाची. तेव्हाच्या ५६ प्रभागांपैकी ३६ गॅसबाधित ठरले; त्यांत प्रामुख्याने जुने शहर, स्थानकाचा परिसर, कारखान्यासमोरच्या वस्त्या. आकड्यांच्या नव्या शहराचा बराच भाग उरलेल्या वीसांत आला. सासरे सांगतात की त्या पहाटे माणसे पायी, स्कूटरवर, मिळेल तशी टी. टी. नगराकडे येत होती आणि क्वार्टर्समधल्या बायका बादल्या भरून बाहेर ठेवत होत्या, डोळे धुवायला. त्याच रात्रीविषयी माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीची आठवण अशी की, ज्या बाजूला दिवे दिसत होते तिकडे त्या धावत सुटल्या. दिवे म्हणजे आम्ही. राजधानीचे शहर असूनही त्या दोन आठवणी चाळीस वर्षांत एकमेकींना फारशा भेटलेल्या नाहीत. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला, तेव्हा आमच्या सोसायटीत त्याविषयी दोन मिनिटे बोलणे झाले आणि मग पाण्याच्या टँकरचा विषय निघाला.

सासरे २००६ साली निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावे लागले. पन्नास वर्षे एका वस्तीत राहून तिथली एक वीट आपली नसणे, हे सरकारी नोकराला लहानपणापासून समजलेले असते. निदान तसे तो दाखवतो. पुढे स्मार्ट सिटीचा प्रकल्प आला. आधी तो शिवाजी नगर आणि तुलसी नगर भागात व्हायचा होता. २०१६ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावर आले आणि तो टी. टी. नगराकडे सरकला. क्वार्टर्स पाडली गेली. दुष्यंत कुमार ज्या सरकारी घरात राहत होते तेही त्यात गेले. हिंदी वर्तमानपत्रांनी त्या घरासाठी हळहळ व्यक्त केली, ती योग्यच होती. आमच्या घरासाठी कोणी हळहळण्याचे कारण नव्हते. सासरे दोनदा जाऊन बघून आले आणि म्हणाले, कडुलिंब अजून आहे. २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी शिवाजी नगर-तुलसी नगरातील सुमारे २९ हजार झाडांवर पुन्हा संकट आले, तेव्हा बायकांनी झाडांना धागे बांधले. त्यांत माझी पंधरा वर्षांची मुलगीही होती. प्रस्ताव मागे घेतला गेला. आकड्यांच्या वस्तीत राहणाऱ्या माणसांना त्या वस्तीविषयी इतके वाटत असेल हे सरकारला कळले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचे आश्चर्य वाटले.

मुलगी मराठी बोलते, पण वाचते ती हिंदी डोळ्यांनी. लिपी एकच असल्याने तिला वाचता येते असा सर्वांचा समज होतो. प्रत्यक्षात ती 'चार' आणि 'चाक' यांतला च एकाच जातीचा उच्चारते आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणते. नागपूरला गेल्यावर मावसभावंडे तिची नक्कल करतात. मागील वर्षी आम्ही कोलार रोडवर सदनिका घेतली, नागपूरचा भूखंड विकून. या निर्णयावर घरात सहा महिने खल झाला. मी विरोधात होते. माझा युक्तिवाद भाषेचा होता, यजमानांचा हप्त्यांचा. मुलीने एकच वाक्य म्हटले, "मी तिकडची नाहीये ना आई." सासरे या चर्चेत एकदाही बोलले नाहीत. खरेदीखतावर सही करायला मात्र ते नवा सदरा घालून आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, ते स्वतःच्या घराचे कागद करत होते.

दारावरच्या पाटीसाठी दगडावर अक्षरे कोरणाऱ्याकडे गेलो. त्याने 'काले' असे लिहून घेतले होते. मुलीने त्याच्या हातातला खडू घेतला आणि फरशीवर मोठा ळ काढून दाखवला. वळणे जरा उलटसुलट होती, तरी ओळखू येत होता. "ये कौन-सा अक्षर है, बेटा?" त्याने विचारले. ती म्हणाली, "हमारा है।" त्याने खांदे उडवून कोरला. आता कुरिअरवाला येतो, पाटीपाशी थबकतो, हातातल्या पाकिटावरचे नाव पुन्हा पाहतो आणि आत डोकावून विचारतो, "काले जी का मकान यही है?" सासरे आरामखुर्चीतून "हाँ, यही है" म्हणतात आणि सही करायला चष्मा शोधू लागतात.