घरी परत आणलेला घोडा

गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर

चि. सायली,

तुझा प्रश्न मामानं घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आजीचं उत्तर लगेच आलं : "पैसे भरून घोडा नेला आणि न पळवता आणला? कसली माणसं!" तू जरा सौम्य शब्दांत लिहिलं आहेस, पण विचारतेस तेच. पाच वर्षांचा घोडा, इव्हेंटिंगच्या हंगामातली शेवटची स्पर्धा. ड्रेसाजनंतर दुसरा नंबर, शो जम्पिंगमध्ये एकही दांडी पडली नाही. राहिली होती फक्त क्रॉसकंट्री. आदल्या रात्री पाऊस झाला. तू इंग्लंडात ज्या तबेल्यात काम करतेस त्याच्या मालकीणबाई सकाळी मैदानावर पायी फिरून आल्या, नाव मागं घेतलं आणि घोडा गाडीत चढवला. तुला वाटलं, बाई घाबरल्या.

मामाचं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या शर्यतीच्या मैदानावर उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला यातलं अर्धं उत्तर ठाऊक असतं.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बैलगाडीची शर्यत म्हटली की गट पडतात ते दातांवरून. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. जन्माचा दाखला कुणी मागत नाही. पंच जनावराचं तोंड उघडून बघतात. आदत खोंडाला दाती बैलांत पळवायचं नाही, हा नियम कुणा कार्यालयानं शिकवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. या सगळ्या काळात वकिलांनी पुष्कळ वाद घातला. पण कोवळ्या जनावराला वेगळं पळवावं, यावर मैदानात कधी वाद नव्हता.

घोड्याचं वयही तोंडातच दिसतं. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात, घोड्याला दोन्हीकडे. साधारण अडीच वर्षांनी मधली जोडी बदलते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. म्हणून बघणाऱ्याला पाच वर्षांचा घोडा तयार वाटतो. उंची भरलेली, छाती भरलेली, दातही पक्के. हाडं मात्र त्याच वेळापत्रकानं चालत नाहीत. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. खुराकडच्या हाडांत ती लवकर कठीण होते, गुडघ्याच्या वर अडीचेक वर्षांनी. पाठीच्या मणक्यांत सर्वांत शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. आणि स्वार बसतो तो नेमका पाठीवर. तुमच्या घोड्याचं तोंड पुरं झालं असेल, पाठ अजून व्हायची आहे.

आता हा खेळ काय मागतो ते बघ. इव्हेंटिंग निघालं ते घोडदळातून. फौजेच्या घोड्यानं संचलनात शहाण्यासारखं चालावं (ते ड्रेसाज), रानातून ओढे-कुंपणं ओलांडत दौडावं (ती क्रॉसकंट्री) आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी उड्या मारण्याइतका ताजा राहावा (ते शो जम्पिंग), अशी ही परीक्षा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती आली आणि सुरुवातीला तिथं फक्त फौजी अधिकारीच उतरू शकत. बाई उतरली ती 1964 मध्ये टोकियोला, अमेरिकेची लाना द्यू पाँ. मोठ्या स्पर्धांत शो जम्पिंग शेवटी असतं. तुमच्याकडच्या एकदिवसीय स्पर्धेत क्रॉसकंट्री शेवटी. त्यामुळंच मालकीणबाईंना दोन टप्प्यांचा निकाल हातात धरून थांबता आलं.

या खेळात गुण कमवायचे नसतात, दंड चुकवायचा असतो. ड्रेसाजमध्ये 70 टक्के मिळाले तर नावावर 30 दंड घेऊन तू पुढं जातेस. शो जम्पिंगमध्ये दांडी पडली की 4. क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापाशी पहिल्यांदा अडला की 20; ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला 0.4. एकदा अडणं म्हणजे पाच दांड्या! दुसऱ्या नंबरावरचा घोडा एका अडण्यानं यादीच्या तळाला जातो. पण नंबर गेला तर गेला. पुढच्या महिन्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही. चिखलात पाय सरकून घोडा एकदा लाकडावर आदळला, तर ते घोड्याच्या लक्षात राहतं. हंगामाच्या मध्यात असं झालं तर आठवड्यानं सोपे अडथळे देऊन त्याची भीती मोडता येते. शेवटच्या स्पर्धेत झालं तर तो तीच भीती घेऊन हिवाळाभर गवतावर उभा राहतो.

इंग्लंडचा हंगाम मार्चमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. शेवटाला नॉटिंगहॅमशायरात ऑस्बर्टनला तरुण घोड्यांची अजिंक्यपद स्पर्धा होते, गट वयावरचे. बर्लीच्या सप्टेंबरातल्या मोठ्या स्पर्धेसोबत चार आणि पाच वर्षांच्या घोड्यांची वेगळी अंतिम फेरी असते. तिथं बांधा, चाल, उडी आणि पुढं हा घोडा कुठवर जाईल याचा अंदाज, यालाही गुण मिळतात. ही रचना चांगली आहे. तरी मामाची एक शंका. अंदाजाला गुण मिळाले की अंदाजाला किंमतही येते. शरदात फीत मिळवलेला पाच वर्षांचा घोडा हिवाळ्यात महाग विकला जातो, हे स्वार, मालक, दलाल सगळे जाणतात. म्हणजे घोड्याला थांबवण्याची गरज ज्या आठवड्यात सर्वांत जास्त, त्याच आठवड्यात त्याला पळवण्याचा मोहही सर्वांत जास्त. आपल्याकडं जत्रेचं मैदान मारलेल्या आदत खोंडाला मागणी येते, ती अशीच.

लहान वयात जिंकलेले सगळेच घोडे वाया जातात असंही नाही. फ्रान्समध्ये ल लियाँ दांजेरला ऑक्टोबरात सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांची जागतिक स्पर्धा होते. 2014 मध्ये तिथं सहा वर्षांच्या गटात चिपमंक नावाचा जर्मन घोडा युलिया क्रायेव्स्कीच्या हाताखाली पहिला आला. दहा वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मिखाएल युंगनं त्याच घोड्यावर वैयक्तिक सुवर्ण घेतलं; घोडा तेव्हा सोळा वर्षांचा. सहाव्या वर्षी जिंकला हे त्यातलं निम्मंच. सोळाव्या वर्षी पाय शाबूत होते, हे उरलेलं निम्मं, आणि मामाला त्याचंच जास्त कौतुक. ऑलिंपिकचा नियमही हेच बघतो : आठ वर्षांखालचा घोडा तिथं चालत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण फवाद मिर्झाचं. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सिन्यॉर मेडिकॉटवर त्यानं वैयक्तिक रौप्य जिंकलं. 1982 च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. ड्रेसाजनंतर तो 22.40 वर होता, क्रॉसकंट्रीत दंड शून्य. शेवटच्या दिवशी एक दांडी पडली, 26.40 झाले आणि 22.70 वरच्या जपानी योशिआकी ओइवाला सुवर्ण गेलं. एका दांडीचं दुःख आजीला सांगितलं तर तिला पटेल. घोडा बारा वर्षांचा होता आणि तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्येही तोच जोडीला होता. फवाद तिथं तेविसावा आला.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर बघशील तर चित्र उलटं. इंडियन डर्बी 1943 पासून पळते आणि ती चार वर्षांच्या घोड्यांची. रेसच्या घोड्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस चौथ्या वर्षी येऊन जातो. त्या वयाचा इव्हेंटिंगचा घोडा नुकता पाटी घेऊन बसलेला असतो. भारतात इव्हेंटिंगला उतरणारे बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले. पुढचा घोडा दिसला की धावायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. त्यांना आधी उभं राहायला शिकवावं लागतं, मग चालायला, उडी त्यानंतर. पुन्हा पहिलीत बसवलेल्या या घोड्यांवर आपले स्वार तयार झाले, हे पाश्चात्त्य स्वारांना सांगून खरं वाटत नाही.

घाई न करण्याची ही अक्कल कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांचा खडखडा प्रसिद्ध आहे. महाराज स्वतः तो हाकत आणि वाटेत भेटेल त्या माणसाला शेजारी बसवत, अशा गोष्टी आजीनं तुलाही सांगितल्या असतील. पण खडखडा ही मुळात घोड्यांना गाडीची सवय लावायची गाडी. नवा घोडा आवाजाला, ओझ्याला आणि सोबतच्या घोड्याला सरावल्यावरच चांगल्या गाडीला जुंपायचा. छत्रपती हाकत होते ती गाडी शिकाऊ घोड्यांची होती, हे गोष्ट सांगणारे विसरतात.

तेव्हा मालकीणबाईंनी काय केलं ते आता तूच पडताळून बघ. घोडा दोन टप्पे नीट करून, अंगात दम शिल्लक असताना घरी आला. आता त्याचे नाल काढतील, दोनेक महिने त्याला गवतावर सोडतील. तुझं काम कमी होणार नाही. अंगावरचा चिखल रोज खरवडावा लागेल. बाई घाबरल्या असतीलही. मैदानावर पायी फिरून जी भीती वाटते तिला आपल्याकडं नजर म्हणतात.

एक गोष्ट मात्र त्यांना विचार. 1 जानेवारीला तुमचा घोडा कागदोपत्री सहा वर्षांचा होईल, मग तो खरा जन्मलेला मे महिन्यातला का असेना. म्हणजे पुढच्या शरदात पाचाचा गट बंद, सहाचा गट, अडथळे उंच, अंतर जास्त. यंदा न पळालेली क्रॉसकंट्री वसंतात सोप्या स्पर्धांतून भरून काढणार, की सहाचं वर्षच सोडून थेट सातव्या वर्षी त्याला ऑस्बर्टनला उतरवणार? त्या काय म्हणतात ते सविस्तर कळव. आणि घोड्याच्या तोंडाचा एक फोटो पाठव, दात दिसतील असा. बोटं सांभाळून.

तुझा,
मामा