मीठ घेतलं, दोर राहिला

टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या लढाया मला नीट आठवत नाहीत. कोण कुठून चालून आलं, कोणता तट आधी पडला, यात दर वाचनाला माझा गोंधळ होतो. सॅमची पडशी मात्र पाठ आहे. जगाचं बरंवाईट ठरवणाऱ्या प्रवासाला निघताना हा माळी सामानाची उजळणी करतो: स्वयंपाकाची भांडी, तंबाखू, डबीत घातलेलं मीठ. आणि मग लक्षात येतं, दोर घ्यायचा राहिलाच.

अशा शोधयात्रेच्या कादंबऱ्या लोक जादूसाठी वाचतात, असं म्हणतात. असतीलही. पण जादूने पोट भरू लागलं की गोष्ट मरते. वनवासात पांडवांकडे सूर्याने दिलेली थाळी होती, तोवर जेवणाची चिंता नव्हती आणि सांगण्याजोगंही काही नव्हतं. द्रौपदीचं जेवण होऊन थाळी रिकामी झाल्यावर दुर्वास शिष्यांसह दारात येतात, तेव्हा आपण सरसावून बसतो.

टोल्कीन १९१६ साली सोमच्या आघाडीवर संदेशवहन अधिकारी होता. उवांतून पसरणारा खंदकताप जडला, म्हणून मायदेशी परतला. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी गेले. ओझं खांद्याला कुठे काचतं, ओल्या बुटांनी किती चालवतं, हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. १९५४-५५मध्ये तीन खंडांत आलेल्या या कादंबरीत त्याने चंद्राच्या कलासुद्धा तारखांशी जुळवून घेतल्या. कोण तपासायला बसणार होतं? पण वाटचालीवर विश्वास बसतो तो असल्या चिकाटीमुळे.

नंतरच्या पुष्कळांनी नकाशे, तलवारी, भाकितं उचलली आणि मीठ तेवढं विसरले. डायना विन जोन्सने १९९६मध्ये त्यांची ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ या पुस्तकात झकास टवाळी केली. तिथले प्रवासी मुक्कामाला पोचले की रस्साच खातात, तो शिजायला तासन्‌तास लागत असले तरी. घोडे तर सायकलीच, न थकणारे.

उर्सुला ल ग्विन यात सापडत नाही. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) जादूगार ओगियन ढग हाकलू शकतो, पण पाऊस पडू देतो आणि झाडाखाली आडवा होतो. त्याचा तरुण शिष्य गेड ओलाचिंब कुढत बसतो: मग ही विद्या शिकायची कशाला? पुढे तो मंत्राने सांधलेल्या मोडक्या नावेतून समुद्रात जातो, तेव्हा मंत्राकडे लक्ष ठेवायला जागं राहावं लागतं. जादूलाही तिथे मजुरी पडते.

सॅमकडे परत येतो. शत्रूच्या मॉर्डोर देशात चालवेनासं होतं, तेव्हा तो ती भांडी एका भेगेत टाकून देतो. इतका लांबचा रस्ता पाठीवर वागवलेली! कितीतरी शूरांच्या मरणापेक्षा मला तो खणखणाट जास्त लागतो. पुढे अग्निपर्वताच्या कड्यावर सॅमचा धनी फ्रोडो याला नष्ट करायला आणलेली अंगठी आगीत टाकवत नाही. तो ती स्वतःची म्हणून बोटात घालतो. त्या अंगठीने झपाटलेला गोलम बोटासकट ती तोडतो आणि तोल जाऊन कोसळतो, म्हणून काम होतं. याला सत्याचा विजय म्हणणाऱ्यांनी ते पान घाईने उलटलं असावं. नायक थकला होता, एवढंच तिथे लिहिलंय, आणि इतकी शेकडो पानं त्याच्याबरोबर चाललेल्या वाचकाला ते पटतं.

भांडी टाकली तरी सॅमने एक लहान डबी छातीशी ठेवलेली असते, वाटेत भेटलेल्या एल्फांच्या गॅलाड्रिएलने दिलेल्या मातीची. घरी येऊन पाहतो तर गावातली झाडं तोडलेली, माणसं दडपलेली. आधी गुंडांना हुसकावायचं, मग ती माती कणाकणाने जागोजागी घालून रोपं लावायची. २००३च्या चित्रपटात हा सारा भाग गाळलाय. तीन तासांहून लांबलेल्या चित्रपटात तो कुठे बसवणार, हे कळतं. तरीही माझ्यालेखी तो चित्रपट राज्याभिषेकापाशी संपतो आणि कादंबरी सॅमच्या बागकामापाशी, आणि मी दर वेळी कादंबरीच उघडतो.