एकाच घड्याळात दोघं

लग्नाला चार वर्षं झाली, तरी हनिमून बाकी होता. शेवटी एकदाचे अ‍ॅमस्टरडॅमला पोचलो. बॅग मात्र पोचली नाही! युरोपातल्या पहिल्यावहिल्या दिवसाची ही गोष्ट.

तुमच्या घरात किती टाइमझोन आहेत? आमच्या ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये दोन आहेत. मी एका आयटी कंपनीत अमेरिकन शिफ्ट करते. संध्याकाळी पाचला कॅब नेते, पहाटे साडेचारला परत आणून सोडते. नवरा बँकेत. सकाळी सव्वासातला तो बीकेसीसाठी बाहेर पडतो तेव्हा मी गाढ झोपेत. रात्री साडेआठला तो कुलूप उघडतो तेव्हा मी डलासमधल्या कुणाला तरी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत असते. वीकेंडला मी झोप भरून काढते आणि तो कपडे मशीनला लावतो.

त्यामुळे आमचा संसार चालतो तो फ्रीजच्या दारावर. पिवळ्या चिठ्ठ्यांमधून. ‘दूध संपलंय.’ ‘गॅसवाला येणार आहे.’ ‘आईंचा फोन होता, कर.’ निघायच्या तीन आठवडे आधी मी एक चिठ्ठी चिकटवली होती, ‘टीम लीडची ऑफर आलीय. अजून दोन वर्षं नाइट. बोलू.’ दुसऱ्या दिवशी खाली त्याच्या अक्षरात, ‘हो, बोलू.’ बस्स. कंपनीला उत्तर द्यायची तारीख होती ट्रिपहून परतल्यावर दोन दिवसांनी. चिठ्ठी तिथेच.

समुद्राखाली लँडिंग

ट्रिपचं सगळं प्लॅनिंग अर्थातच नवऱ्याचं. बँकवाला माणूस, एक्सेल शीटशिवाय पान हलत नाही. पहिल्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: १४.३० हॉटेल, १५.१५ म्युझियम, १७.०० कॅनॉल क्रूझ, १८.३० डिनर. सगळी बुकिंग्ज प्रिंट काढून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार लावून. आईंनी दिलेले पेढे तेवढे त्याने घरीच ठेवायला लावले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईंचा चेहरा पडला. मग त्यांनी चिवडा आणि चकल्या दुप्पट भरल्या.

पहाटे चारचं विमान, मधे एका ठिकाणी विमान बदलायचं, थेट जाणाऱ्यापेक्षा तिकीट बरंच स्वस्त. दुपारी एकच्या सुमाराला खाली हिरवेगार चौकोनी तुकडे दिसायला लागले आणि आम्ही स्किपोल विमानतळावर उतरलो. समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली! धावपट्टी आहे तिथे पूर्वी हार्लेमरमीर नावाचं अवाढव्य तळं होतं. डच लोकांनी वाफेच्या इंजिनांवर पंप चालवून १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं ते उपसलं आणि जमीन मिळवली. सात बेटं बुजवून झालेल्या शहराच्या शेजारी राहणारे आपण, आपल्याला याचं कौतुक जरा जास्तच वाटतं.

इमिग्रेशनला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद आणली आहे. बोटांचे ठसे आपण व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. ऑफिसरने विचारलं, कशासाठी आलात? नवरा म्हणाला, “हनिमून.” मी त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

बॅग कुठंय?

पट्टा फिरत राहिला. माझी लाल बॅग आली. त्याची निळी नाही. लोक कमी होत गेले, शेवटी पट्ट्यावर एक बेवारस बाबागाडी आणि आम्ही दोघं. एअरलाइनच्या काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तुमची बॅग विमान बदललंत तिथेच राहिली आहे. दोन-तीन दिवस लागतील.

त्यात त्याचे सगळे कपडे, दाढीचं सामान, आणि तो फोल्डर!

एरवी आम्ही तिथेच भांडलो असतो. म्हणजे चिठ्ठीवर भांडलो असतो, तीन दिवस. पण इथे फ्रीजच नव्हता. त्याने ‘पीआयआर’ म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म भरला, नंबर लिहून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “आता?” दहा दिवसांच्या ट्रिपचा मिनिटामिनिटाचा हिशेब करणारा माणूस मला विचारत होता, आता काय? बुकिंग्जची पीडीएफ फोनमध्ये होती म्हणा. मी ती उघडू दिली नाही.

शहरात जाणारी ट्रेन विमानतळाच्या पोटातूनच सुटते. तिकिटाची रांग नको, बँकेचं कार्ड गेटवर टेकवायचं आणि आत. माझं चाललं. त्याचं नाही! परदेशातला टॅप-पे चालूच केला नव्हता. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने! एका कार्डावर दोघांना जाताही येत नाही. मी गेटच्या आत, तो बाहेर, आणि वायफायवर अ‍ॅप उघडून तो आपल्याच बँकेच्या ओटीपीची वाट बघतोय. दहा मिनिटं मी नुसती हसत होते. मग तोही हसायला लागला.

खांबांवरचं शहर

पंधरा-वीस मिनिटांत अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रल. लाल विटांचं, राजवाड्यासारखं हे स्टेशन १८८९ चं. ते उभं आहे पाण्यात भराव टाकून केलेल्या तीन बेटांवर आणि ८,६८७ लाकडी खांबांवर. गावाची जमीनच दलदलीची, त्यामुळे जुनं सगळं शहर खांबांवर तोललेलं. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत. हा आकडा डच पोरांना शाळेतच पाठ होतो. वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी एक, शेवटी नऊ.

हॉटेल कालव्याकाठी, चिंचोळं. जिना तर शिडीच! अशा जिन्यांवरून सामान नेता येत नाही, म्हणून जुन्या घरांच्या कपाळावर लोखंडी आकडे असतात, दोर बांधून फर्निचर खिडकीतून वर घ्यायला. एकच बॅग घेऊन चढताना नवरा म्हणाला, “बरं झालं एक राहिली.” काउंटरवर भाड्याशिवाय साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्सही भरला. २०२४ पासूनचा हा दर आहे, बजेटमध्ये धरून ठेवा.

मग खरेदी. हेमा नावाचं इथलं दुकान म्हणजे रोजच्या गरजांचं भांडार. टूथब्रश, रेझर, दोन टी-शर्ट, मोजे. लग्नानंतर त्याच्यासाठी कपडे मी पहिल्यांदाच त्याच्यासोबत निवडले. एरवी ऑनलाइन मागवते, माप अंदाजे. त्याचा साइज बदललाय, हे मला त्या दिवशी कळलं. एक्सएल. केव्हा झाला, ठाऊक नाही.

बाहेर आलो तर मागून घंटी. ट्रिंग ट्रिंग! लालसर रंगाचा पट्टा म्हणजे सायकलींचा रस्ता. तिथे टुरिस्टने उभं राहायचं नसतं, हा धडा पहिल्या तासातच मिळाला.

भूक लागली म्हणून मेट्रोने द पाइप भागात गेलो. वाटेत रोकिन स्टेशन लागतं. ही मेट्रो २०१८ मध्ये सुरू झाली. ती खोदताना नदीच्या जुन्या पात्रात शतकानुशतकांच्या हरवलेल्या वस्तू सापडल्या. किल्ल्या, नाणी, बकलं, मोबाइलसुद्धा. स्टेशनच्या सरकत्या जिन्यांच्या मधल्या काचेत हजारो वस्तू मांडल्यात. नवरा काचेला नाक लावून म्हणाला, “माझी निळी बॅग दिसते का बघ.”

जेवलो ते सुरिनामी रोटीच्या दुकानात. सुरिनाम ही १९७५ पर्यंत डचांची वसाहत. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ या जहाजातून कलकत्त्याहून पहिले मजूर तिथे मळ्यांवर नेले गेले. त्यातले बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले. त्यांचीच नातवंडं-पतवंडं पुढे नेदरलँड्सला आली. ताटात आलं काय? भरडलेली डाळ भरलेली पातळ रोटी, म्हणजे तिखटमिठाची पुरणपोळीच, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा. हाताने खायचं. गल्ल्यावरच्या आजींनी त्यांच्या हिंदीसारख्या बोलीत काहीतरी विचारलं, अर्धं कळलं. बाजूला ठेवलेल्या मिरचीच्या चटणीने नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, तेवढं पूर्ण कळलं.

फुकटची फेरी

रात्रीचे नऊ वाजले आणि ऊन! जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या पुढे मावळतो. आपलं घड्याळ उन्हाळ्यात इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे ठाण्यात साडेबारा. नवऱ्याच्या झोपेची वेळ केव्हाच टळलेली, तो उभ्याउभ्या पेंगत होता. मी टकाटक. ही तर माझ्या शिफ्टची मध्यान्ह! इतक्या लांब येऊन आमचे टाइमझोन काही जुळेनात.

“तू झोप, मी जरा फिरून येते,” मी म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला. “मी आज जागणार.”

सेंट्रलच्या मागे आय नावाचं पाणी आहे. पलीकडे जायला तर असते, वर्सोव्याहून मढला जाते तशी. फरक एवढाच की ही फुकट आहे. पायी जाणाऱ्यालाही आणि सायकलवाल्यालाही. पलीकडे गेलो, न उतरता परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला त्याने पाकीट उघडलं आणि त्यातून एक पिवळी चिठ्ठी काढली. फ्रीजवरची. कडा मुडपलेल्या, गोंद गेलेला.

“ही कधी काढलीस?”

“निघताना. बॅगेत टाकणार होतो. बरं झालं नाही टाकली.”

मी पाण्याकडे बघत म्हटलं, “मला नकोय रे ती.”

“मग तीन आठवडे बोलली का नाहीस?”

“केव्हा बोलू? तू झोपलेला असतोस.”

“उठवायचं.”

“तू तरी मला कुठे उठवलंस?”

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. टू बीएचकेचं ब्रोशर त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यालाही. टीम लीडचा पगार त्यात धरलेला होता. थोड्या वेळाने त्याने रोटीचं बिल काढलं, हॉटेलचं पेन काढलं आणि मागच्या बाजूला आकडे मांडायला लागला. ईएमआय, सोसायटी, आईंची औषधं, माझा नाइट अलाउन्स. अलाउन्स खोडला. बेरीज केली. पुन्हा केली.

“कार दोन वर्षं पुढे,” तो म्हणाला. “मोठं घर... बघू. दिवसाची शिफ्ट माग.”

“आणि नाही दिली तर?”

“तर दुसरी शोधू. पण तेव्हा चिठ्ठी नको लिहूस.”

साडेदहाला आकाश जांभळं झालं. शिडीसारखा जिना चढून खोलीत गेलो आणि हेमाच्या एक्सएल टी-शर्टमध्ये नवरा वाक्य अर्धं ठेवून झोपला. मी मॅनेजरला चार ओळींचा मेल लिहिला. पाठवण्याआधी त्याला हलवून उठवलं. त्याने एक डोळा उघडून वाचला, एक स्पेलिंग सुधारलं आणि पुन्हा कूस बदलली. मी पडदा ओढला. झोप यायची नव्हतीच, पण पडून राहिले.

जाता जाता: पहिल्या दिवसाचा फंडा

• शेंगेन व्हिसा २९ देशांना चालतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार, तिथे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा.

• एक कपड्यांचा जोड, औषधं आणि चार्जर केबिन बॅगेतच ठेवा. जोडीने जाताय? मग दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा!

• बॅग आली नाही तर पीआयआर भरल्याशिवाय विमानतळ सोडू नका. खरेदीची बिलं जपा. उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करायचा असतो. आमची तिसऱ्या दिवशी आली.

• ट्रेन-ट्रॅमसाठी प्रत्येकाचं वेगळं कार्ड. उतरतानाही टेकवायला विसरू नका.

• आणि पहिल्या संध्याकाळचं बुकिंग? करूच नका.