टाय बांधलेली रोपे

नर्सरी या शब्दाचा खरा मालक शेतकरी आहे. आमच्या बिलोली तालुक्यात कालपरवापर्यंत नर्सरी म्हटले की आंब्याची कलमे आणि मिरचीची रोपे, एवढेच डोळ्यांपुढे येई. शेजारीच धर्माबाद, मिरचीच्या बाजारासाठी नाव काढलेले गाव. तेव्हा रोपातले आम्हाला कळते. रोप घ्यायला गेलेला शेतकरी पाटी बघत नाही. तो वाफ्याशी उकिडवा बसतो, मातीत बोट खुपसून ओल बघतो, पान उलटून कीड बघतो आणि मग भावाचे बोलतो. हाच गृहस्थ लेकराला नर्सरीत घालायचे ठरले की फक्त पाटी वाचतो! पाटीवर ‘इंग्लिश’ आणि ‘इंटरनॅशनल’ हे दोन शब्द दिसले, की माती ओली का कोरडी हे बघायचे त्याला सुचत नाही.

अशा शाळेला आमच्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. त्यासाठी ख्रिस्ती जोगिणी लागत नाहीत, टाय लागतो. साडेतीन वर्षांच्या गळ्यात इलॅस्टिकचा टाय! तो नाक पुसायला उपयोगी पडतो, एवढा एक शैक्षणिक फायदा मीही मान्य करतो.

मी बँकेतला कारकून. ज्याला नोटा मोजता येतात त्याला जगातले सगळेच मोजता येते, असा गावाचा समज आहे. जून जवळ आला की काउंटरवर स्लिप सरकवता सरकवता लोक विचारतात, “साहेब, लेकराला कुठं घालावं?” “तुम्ही काय काय बघितलंत?” असे मी विचारले की यादी तयार असते. इमारत दुमजली आहे, गाडी दारात येते, गॅदरिंग जोरात होते आणि पोरगं तीन महिन्यांत इंग्रजी कविता म्हणायला लागतं. ही कविता पाहुण्यांसाठी असते. पाहुणा बशीत चहा ओततो न ओततो तोच लेकराला समोर उभे केले जाते. लेकरू छताकडे बघून एका दमात कविता संपवते आणि पळते. पाहुण्याला ती कळलेली नसते, आईबापांना कळलेली नसते आणि लेकराला तर नसतेच नसते. तरीही टाळ्या तिघांसाठी वाजतात.

बी. कॉम.ला आम्हाला ताळेबंद शिकवला. त्यात इमारत आणि फर्निचर मालमत्तेच्या बाजूला ठळक दाखवतात. धंदा ज्यांच्या जिवावर चालतो ती माणसे मात्र त्या कागदावर कुठेच नसतात. नर्सरीचेही तसेच आहे. दुमजली इमारत दिसते, बाई दिसत नाही.

खरे तर ज्यांनी ही बालशाळा शोधून काढली, त्यांनी बागेचाच विचार केला होता. फ्रोबेल नावाच्या जर्मन गुरुजींनी १८४० साली आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले आणि टेबल-खुर्च्या मुलांच्या उंचीच्या केल्या. इकडे गिजुभाई बधेका चांगले वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. आमच्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांना मिळाल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. माँटेसरीचे महागडे सामान परवडत नव्हते, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांनाच कामाला लावले. पुढे कोसबाडच्या टेकडीवरही हेच चालले. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी बालविकासाची योजना काढली, तिच्या केंद्रांचे नावही अंगणवाडीच. म्हणजे जी गोष्ट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका अंगणातून देशभर गेली, तिच्यासमोरून आम्ही स्कूटरवर पोराला बसवून टाय शोधायला जातो.

आता आमच्या गल्लीतल्या एका लेकराची हकीकत सांगतो. त्याची आई मांजरेच्या पलीकडची, बोधनकडची. आईशी तेलुगू, आजीशी मराठी आणि गल्लीत दखनी, असे तीन भाषांत भांडणारे ते लेकरू. त्याला एका टायवाल्या शाळेत घातले. तिथे इंग्रजीशिवाय बोलायचे नाही असा दंडक. पोराला इंग्रजी येत होते ते ‘येस मिस’ एवढेच. तहान लागली तरी येस मिस, लघवीला लागली तरी येस मिस. दोन महिन्यांत ते घरीही बोलेनासे झाले. आजी म्हणाली दृष्ट लागली. आजोबा म्हणाले कान गेले. नांदेडला नेऊन डॉक्टरला दाखवले, कान ठणठणीत निघाले. आईच्या तोंडचे पाणी पळाले. दिवसभर बडबडणारे लेकरू कोपऱ्यात बसून नुसते बघते, हे घरात सहन करणे सोपे नसते.

दिवाळी झाली तशी आजीने कुणाला न विचारता त्याला गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत नेले. माझा बँकेचा रस्ता तिथूनच जातो. आठ दिवस ते दाराची चौकट धरून बाहेर उभे. ताईंनी ना ओढले, ना रागावले. मी न राहवून विचारले, “ताई, हे आत कधी येणार?”

“बघतंय ते, साहेब. बघू द्या की!”

नवव्या दिवशी मदतनीसबाई खिचडी वाढत होत्या. पोरगे चौकटीतूनच म्हणाले, “नीळ्ळु.” ताई सीमेवरच्याच. त्यांनी पेला भरला, त्याच्यापुढे खाली बसल्या आणि म्हणाल्या, “नीळ्ळु. पाणी. घे, माझ्या राजा.” कुणी हसले नाही. पेला घ्यायला ते चौकट सोडून आत आले. चार दिवसांनी त्याने शेजारच्या मुलीचा खडू ओढला आणि तिला तिन्ही भाषांत शिव्या दिल्या. त्या मुलीची आई तणतणत घरी आली, तर आजीने तिच्याच हातावर पेढा ठेवला!

अंगणवाडी म्हणजे स्वर्ग, असे माझे म्हणणे नाही. त्या ताईंच्या मागे वजनकाटा, लसीकरण, सर्वेक्षण आणि वह्यांची अशी थप्पी असते की मला बँकेतच आल्यासारखे वाटते. २०२१ पासून मोबाईलवर पोषण ट्रॅकरही आला. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात रेंज शोधणारा मोबाईल! आणि टायवाल्या शाळेतही एखादी बाई अशी निघते, की जी खुर्ची सोडून मुलांत बसते. ती सापडली तर टाय खुशाल बांधा.

म्हणून काउंटरवर मी आता एवढेच सांगतो. बाई मुलांशी बोलताना उभी असते का खाली बसते ते बघा. लेकराची घरची भाषा तिला येते का, निदान ऐकून घेते का ते बघा. एका बाईमागे किती लेकरे, ते मोजा. तिला सगळ्यांची नावे येतात का, तेही विचारा. खेळणी कपाटात कुलपाआड आहेत का मातीने मळलेली आहेत, पाणी आणि मोरी कुठे आहे, हे फी विचारायच्या आधी बघा. तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणाऱ्या शाळेतून उठून या, प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच असल्या परीक्षा-मुलाखती बंद करा म्हणून सांगितले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पाया धरून खेळत शिकण्यावर भर दिला आहे. खेळताना पाया घट्ट होतो हे आमच्या गल्लीतल्या आज्यांना धोरणाशिवायच ठाऊक होते, हा भाग वेगळा.

आणि संध्याकाळी लेकरू घरी आले की “आज काय शिकवलं?” असे विचारू नका. “आज कुणाशी भांडलास?” असे विचारा. उत्तर लांबलचक आले, तर नर्सरी चांगली आहे असे समजा. मिरचीचे रोपही जोरात आले की आधी तिखटपणावरच ओळखू येते.